पुढचा ठोका

मंगल कार्यालयात मंगलाष्टकं फारसं कुणी ऐकत नाही. मागच्या रांगांत फ्लॅटच्या भावांची चर्चा चाललेली असते, कुणी पहिल्या पंगतीचा अंदाज घेत असतो, पोरं खुर्च्यांखालून पळत असतात. तरीही ‘सावधान’ येण्याच्या क्षणभर आधी शंभर-दोनशे मुठी वर गेलेल्या असतात. शब्द कानावर पडल्यावर हात उचलायचा असता, तर अक्षता उशिराच पडल्या असत्या. तशा त्या पडत नाहीत. संस्कृतचं एक अक्षर न कळणाऱ्या, वृत्ताचं नावही न ऐकलेल्या माणसाला कडवं कुठे संपणार ते बरोबर ठाऊक असतं.

हे वृत्त बहुतेक वेळा शार्दूलविक्रीडित असतं. ओळीत 19 अक्षरं. लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हटलं तर त्याची चाल अशी: गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. बाराव्या अक्षरानंतर श्वासाला जागा. पहिल्या बारा अक्षरांत लघुगुरूंची सारखी उलथापालथ होते, कानाला कशावर टेकताच येत नाही. शेवटच्या सातांत मात्र ‘गागाल’ हा एकच तुकडा लागोपाठ दोनदा येतो आणि ओळ एका गुरूवर बसते. दुसरा ‘गागाल’ सुरू झाला की काठ दिसू लागतो. तीन ओळींत हे तीनदा घडलं की चौथ्या ओळीला मूठ आपोआप वर जाते. घरच्या हौशी मामांनी रचलेल्या मंगलाष्टकात वधूवरांची, दोन्हीकडच्या आजोबांची आणि कुलदैवताची नावं कोंबताना दोन-तीन अक्षरं जास्त झाली, की हीच मंडळी चाचपडतात. अर्ध्या अक्षता आधी पडतात, अर्ध्या नंतर. काय चुकलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण हाताला ते कळलेलं असतं.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच. लय म्हटलं की आपण ठोके मोजू लागतो. पण ठोका वाजून गेला की तो भूतकाळ झाला. लय राहते ती पुढच्या ठोक्याच्या अटकळीत. अटकळ नसेल तर कितीही नियमित आवाज असो, तो नुसता आवाज. आणि अटकळ पक्की असेल तर आवाज नसतानाही लय चालू राहते.

हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. माणसाला ठरावीक अंतरानं होणारी टिकटिक ऐकवून तिच्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बोट बहुधा टिकटिकीच्या किंचित आधीच पडतं, थोड्याफार मिलिसेकंदांनी. आवाज ऐकून प्रतिक्रिया द्यायला साधारण 150 मिलिसेकंद लागतात. म्हणजे माणूस टिकटिक ऐकून बोट आपटत नाही, तिची वाट अडवून बसलेला असतो. ऱ्हिसस माकडांना हाच खेळ महिनोन् महिने शिकवला, तरी सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांचं बोट ठोक्याच्या मागेच राहिलं.

2009 साली बुडापेस्टमध्ये इश्तवान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मजेशीर गोष्ट पाहिली. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा साधा ठेका ऐकवला आणि मधूनच एखादा ठोका गाळला. किरकोळ ठोका गाळला तर मेंदूत विशेष हालचाल नाही. आवर्तनाचा पहिला, जोराचा ठोका, म्हणजे आपली सम, गाळला, की बाळाच्या मेंदूनं लगेच नोंद घेतली. न वाजलेल्या ठोक्याची नोंद! ज्याला अजून आईचा चेहरा नीट दिसत नाही, त्याला सम चुकल्याचं कळतं. त्याच वर्षी अनिरुद्ध पटेल यांनी स्नोबॉल नावाच्या काकाकुव्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाण्याचा वेग बदलला तरी हा पक्षी त्याच्याशी जुळवून घेत डोलायचा. आवाजाची नक्कल करणाऱ्या प्राण्यांनाच ताल धरता येतो, असं मग काही काळ वाटत होतं. पण 2013 साली कॅलिफोर्नियातल्या रोनान नावाच्या सी लायन मादीनं नक्कल येत नसतानाही मान हलवून ताल धरून दाखवला आणि तो सिद्धान्त डळमळला.

आता आपल्या बैठकीत येऊ. कारण या अटकळीवर आपल्या संगीतानं जेवढा मोठा डोलारा उभारला आहे, तेवढा क्वचितच कुणी उभारला असेल.

ताल म्हणजे मात्रांची संख्या, असं शाळेच्या पुस्तकात असतं आणि ते अपुरं आहे. दीपचंदी, झुमरा, धमार, आडाचौताल या चारही तालांच्या मात्रा 14. ठुमरी-होरीला दीपचंदी, विलंबित ख्यालाला झुमरा. दोघांची विभागणीही एकच, तीन-चार-तीन-चार. धमारची पाच-दोन-तीन-चार. आडाचौताल दोन-दोनांच्या सात खणांत. एकाच्या जागी दुसरा वाजवला तर गायक थांबून तबल्याकडे बघेल. कुठला बोल कुठे येणार याची कानाला लागलेली सवय, तिचं नाव ताल.

त्रितालाची 16 मात्रांची चौकट तर रिक्षावाल्याच्या बोटांनाही माहीत असते. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात बाजूला, तो काल. यातली गंमत ठेक्यात आहे. हातानं काल दाखवतो त्या नवव्या मात्रेवर तबल्यात ‘धा’च असतो, डग्गा, म्हणजे जोडीतला खालच्या आवाजाचा डावा, घुमतोच. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून: तिं, तिं, ता, आणि पुढची टाळीची तेरावी मात्राही नुसता ‘ता’. चौदाव्या मात्रेला ‘धिं’बरोबर डग्गा परत येतो. म्हणजे हात एक सांगतो आणि कान दुसरं. असं का, यावर जाणकारांचे वाद आहेत. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की चार मात्रा खालचा आवाज काढून घेतल्यामुळे तो परत आल्यावर सम जवळ आल्याची वर्दी मिळते. सोळाही मात्रांवर डग्गा घुमला असता तर आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत ते कुणालाच कळलं नसतं. पोकळी आहे म्हणून रस्ता सापडतो. रूपकात तर ही पोकळी थेट समेवरच आणून ठेवली आहे. सात मात्रांचा हा ताल ‘तिं तिं ना’नं, कालानंच सुरू होतो. नवख्या श्रोत्याची मान म्हणूनच रूपकात चुकीच्या जागी हलते.

तिहाई हा या अटकळीचा उघड खेळ. एक बोल तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्यातला शेवटचा ‘धा’ समेवर पाडायचा. ‘तिट कत गदि गन धा’ घ्या. पाच मात्रांचा तुकडा, मग एक मात्रा गप्प, पुन्हा पाच, पुन्हा एक गप्प, पुन्हा पाच. बेरीज 17. त्रितालात समेवरून निघालात तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. हिशेब एवढाच आहे, पण बैठकीत कुणी हिशेब करत नाही. पहिल्या खेपेला बोल कळतो, दुसऱ्या खेपेला हा तिहाईच वाजवतोय हे कळतं, तिसऱ्या खेपेला सगळी बैठक त्याच्याबरोबर समेकडे धावते. शेवटच्या ‘धा’ला ‘क्या बात है’ निघतं ते तबलजीच्या हिशेबाला नसतं. आपली अटकळ खरी ठरली याचा तो आनंद असतो. कसलेला तबलजी हे ओळखून असतो, म्हणून कधी तो मुद्दाम समेच्या अर्धी मात्रा आधी किंवा नंतर येतो. त्याला अनागत-अतीत म्हणतात. फसवणूक जमायची तर आधी विश्वास बसलेला हवा. ठेकाच डळमळीत असेल तर अतीत आणि चूक यांत फरक काय राहिला?

लयीचा सगळ्यात कठीण प्रदेश जलद लयीत असेल असं वाटतं, पण तो आहे उलट टोकाला. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांपुढे गेलं की ते ठोके मेंदूला एकमेकांशी जोडता येत नाहीत, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. प्रत्येक ठोका सुटा वाटू लागतो. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ झुमऱ्यात अतिविलंबित ख्याल गायचे. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर 14 मात्रांचं आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. मग गाणारा आणि ऐकणारा हरवत कसे नाहीत? तबलजी मात्रांच्या मधली जागा बारीक बोलांनी भरतो, त्यामुळे कानाला प्रत्यक्षात सेकंदाच्या आसपासची लय मिळत राहते. ठेक्यात मैलाचे दगडही असतात. विलंबित एकतालात चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर ‘तिरकिट’ येतं. पहिल्यानंतर ‘तू ना’ लागतं, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि मग सम. गायक आलापात कितीही खोल गेलेला असो, दुसरं तिरकिट कानावर पडलं की मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, उचलायची वेळ झाली. मुखडा डौलात उचलून समेवर येण्याला आमद म्हणतात, आणि माझ्या मते गायकाची लय ओळखायची तर तानांपेक्षा आमद ऐकावी. काही जण समेवर येतात, काही जण आदळतात.

गोव्याच्या खाप्रुमामा पर्वतकरांबद्दल सांगतात की ते एका हातानं एक ताल, दुसऱ्यानं दुसरा, पायानं तिसरा धरून तोंडानं चौथा म्हणत आणि सगळे मिळून समेवर येत. लोक त्यांना लयभास्कर म्हणत. सर्कशीतली कसरत म्हणून हे सोडून देता येईल, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. चार ठिकाणच्या चार अटकळी एकाच डोक्यात एकाच वेळी राहतात कशा? माझा अंदाज असा की त्यांना चार ताल दिसत नसावेत, चौघांच्या गाठीभेटींचा एकच मोठा नकाशा दिसत असावा.

भाषेतही लय अशीच पुढे बघणारी असते. मोठ्या अभंगाची बांधणी पाहा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. तीन चरण सहा-सहाचे आले की कान चौथ्याही सहाची तयारी करतो, आणि ओळ दोन अक्षरं आधीच थांबते, यमकाविना. पायरी असेल असं धरून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसा तो चौथा चरण लागतो. तुकोबांचा घाव कित्येकदा नेमका तिथेच असतो. ज्ञानेश्वरीची ओवीही अशीच साडेतीन चरणांची, पहिल्या तीनांना यमक आणि उरलेला अर्धा मोकळा. अक्षरांची संख्या मात्र ओवीत बांधलेली नसते. म्हणूनच 1290 साली तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा ऐवज या छंदात मावला. शार्दूलविक्रीडितात कोंबला असता तर प्रत्येक ओळीत हौशी मामांसारखी ओढाताण झाली असती. कवी मोरोपंतांनी तशी ओढाताण, मुख्यतः आर्येत, जन्मभर हौसेनं केली, आणि त्यांचं कौशल्य थक्क करणारं असलं तरी मला ते वाचताना दम लागतो, हे सांगून टाकतो.

जात्यावरची ओवी कागदावर दोन ओळींची दिसते, पण जात्यावर ती तशी म्हणतच नाहीत. खुंट्याला धरून दोघी समोरासमोर बसलेल्या, एकीनं ढकललं की दुसरीनं ओढायचं, मधे वैरण घालायची. फेरा शब्दांसाठी थांबत नाही. शब्द कमी पडले तर ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ अशी भर घालून ओळ फेऱ्याएवढी लांबवतात. अर्थाच्या दृष्टीनं हे शब्द फुकट आहेत. पण ते काढले की ओवी मोडते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या म्हणण्याचं निमित्त संपलं. ज्या बायकांनी त्या सांगितल्या, त्यांच्यापैकी काहींना जातं फिरवल्याशिवाय ओवी आठवायचीच नाही, असं संग्राहक सांगतात तेव्हा मला नवल वाटत नाही. ओवीची पुढची ओळ जिभेवर नव्हतीच, ती दंडात होती.

कामाच्या हाकाही याच जातीच्या. जड वस्तू हलवताना ‘हैसा’ ऐकून जोर लावायचा नसतो, ‘हैसा’बरोबर लावायचा असतो. ऐकून लावला तर प्रत्येकाचा जोर वेगवेगळ्या क्षणी लागेल आणि वस्तू जागची हलणार नाही.

पद्याचं, गाण्याचं सोडा. साध्या गप्पांतही हे चालू असतं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण 200 मिलिसेकंदांचं अंतर असतं. जगातल्या अगदी वेगवेगळ्या भाषांत हे अंतर थोड्याफार फरकानं सारखंच सापडलं. उलट, समोरच्या चित्राचं नाव आठवून तोंडातून काढायलाच सहाशेएक मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या बरंच आधी आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, आणि त्याचा आवाज कुठे उतरणार याची अटकळ बांधून बसलेलो असतो. अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आईबाबांचं ‘बोल तू... नाही, तुम्ही बोला’ होतं ते याचमुळे. आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचला की माया तेवढीच राहते, पण गप्पांची सम हुकते. मग दोघेही गप्प बसतात आणि दोघेही एकदम बोलतात.

माणसं एकत्र जमली की या अटकळीचा एक विचित्र परिणाम दिसतो. गणपतीची आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत सहसा संपत नाही. पहिली आरती संथ, तिसरीपर्यंत टाळ्या दौडत असतात. प्रसादाची घाई हे कारण सगळे सांगतात आणि ते थोडं खरंही असेल. पण दोन अनोळखी माणसांना प्रयोगशाळेत बसवून एकत्र ताल धरायला लावलं, तरी तो वाढतच जातो. तिथे मोदक नसतात. प्रत्येक जण ठोक्याच्या किंचित आधी असतो हे वर आलंच आहे. दोघांपैकी ज्याची टाळी आधी पडते, तिच्याकडे दुसरा ओढला जातो. मग तो आधी होतो आणि पहिला ओढला जातो. मागे ओढणारं कुणी नाही. टाळ-मृदंगाला जाणता माणूस बसला असेल तरच आरती ठिकाणावर राहते.

ढोल-ताशा पथकात अडचण वेगळीच. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ताशा पुढे आणि शेवटचा ढोल 34 मीटर मागे असेल तर ताशाचा ठोका तिथे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. तो ऐकून शेवटच्यानं ढोल वाजवला आणि त्याचा आवाज पुढे परत आला, की पुढच्यांना तो दोन दशांश सेकंद मागे ऐकू येतो. जलद लयीत एवढ्यानं सगळं कालवलं जातं. म्हणून मोठ्या पथकात कानावर विसंबून चालत नाही, समोर खुणा करणाऱ्या हाताकडे बघावं लागतं. प्रकाशाला उशीर होत नाही.

‘आयुष्याची लय’, ‘निसर्गाची लय’ असं सैलपणे बोलायची आपल्याला सवय आहे. त्यातलं बरंचसं म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा असतो. वर्षातून एकदा भरावा लागणारा आयकर कितीही नियमित येवो, त्याला लय म्हणवत नाही. पण कसोटी अटकळीची लावली तर काही गोष्टी टिकतात. 1729 साली ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड सतत अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही झाडाची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. झाड उजेडाला उत्तर देत नव्हतं, दिवसाची वेळ मोजत होतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीत उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. आपल्याही शरीरात पहाटे, जाग येण्याच्या आधीच, कॉर्टिसॉल वाढू लागतं. रात्रपाळीचा माणूस दिवसा आठ तास झोपूनही थकलेला असतो, कारण त्याचं शरीर वेगळ्या समेची वाट बघत असतं.

अटकळ आतून बंद पडली तर काय होतं, ते पार्किन्सनच्या आजारात दिसतं. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया या केंद्रांत बिघाड होतो. हीच केंद्रं हालचाली वेळेवर सुरू करण्यात आणि ठोक्याचा माग ठेवण्यातही भाग घेतात. निरोगी माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि त्याचा विचारही करत नाही. पार्किन्सनच्या काही रुग्णांचं पाऊल दाराशी, वळणावर, गर्दीत एकदम अडतं, तळवे फरशीला चिकटल्यासारखे. पायांत ताकद असते; पुढच्या पावलाचा क्षण आतून येत नाही. तो बाहेरून दिला तर चालतो. 1990 च्या दशकात मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना ठेक्यावर चालण्याचा सराव दिला, ठेका त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा थोडा जलद ठेवून, तेव्हा त्यांचा वेग आणि पावलांची लांबी दोन्ही वाढली. फिजिओथेरपिस्ट आता मेट्रोनोम वापरतात, कुणी मोठ्यानं ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणायला लावतात, कुणी फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवतात. पट्ट्यांत आवाज नाही, तरी त्या काम करतात. म्हणूनच सपाट व्हरांड्यात अडलेला रुग्ण कित्येकदा जिना सहज चढून जातो आणि घरचे लोक चक्रावतात, याला खरंच आजार आहे ना म्हणून. आजार खराच असतो. जिन्याला फक्त पायऱ्या असतात.